सरांचीही हजेरी घेतली जाते

चि. सईस अनेक आशीर्वाद.

संशोधन जहाजावर जायला तुमच्या कॉलेजची निवड झाल्यापासून तुझा एकच घोशा चाललाय, 'आई, काय काय घेऊ?' यादी तुमच्याकडे आलीच असेल, ती मी परत उगाळत नाही. फक्त उलटीची गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची असते, पोट ढवळल्यावर नव्हे. त्रास व्हायला लागला तर केबिनमध्ये मोबाइलमध्ये डोकं खुपसून पडू नकोस. डेकवर ये, क्षितिजाकडे बघत राहा, काहीतरी कोरडं खा. आणि तुझ्या सरांना उलट्या झाल्या तर हसायचं नाही. बहुतेक होतीलच.

मला लिहायचंय ते सरांबद्दलच. वर्गात ते फळ्यापाशी आणि तू बाकावर, ही वाटणी तुझ्या इतकी अंगवळणी पडली आहे की जहाजावरही तू त्यांच्या मागे मागे वही घेऊन फिरशील. तसं करू नकोस. जहाजावर पाऊल ठेवलं की त्यांच्याही डोक्यावर तुझ्यासारखंच हेल्मेट, पायात तसेच पुढून पोलादी असलेले बूट. लाइफ जॅकेटचे पट्टे कसे आवळायचे हे तुम्हा दोघांना एकच खलाशी शिकवतो. भोंगा सात वेळा थोडा थोडा आणि आठव्यांदा लांबलचक वाजला की सगळ्यांनी ठरल्या जागी जमायचं. तिथे सर हजेरी घेत नाहीत, त्यांचीच घेतली जाते. मी शिक्षिका म्हणून अशा सफरीला गेले होते तेव्हा मला ही गोष्ट फार आवडली होती. सगळ्याच सहकाऱ्यांना आवडली असं मात्र म्हणता येणार नाही.

तिथलं खरं काम सीटीडीभोवती चालतं. पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि खोली मोजणारी ही यंत्रं एका गोल चौकटीत बसवतात आणि भोवती नळकांड्यांसारख्या बाटल्या लावतात. मोठ्या जहाजांवर बहुधा २४ बाटल्या असतात, दहा-दहा लिटरच्या. विंचवरून, म्हणजे तार गुंडाळायच्या यंत्रावरून, तार सोडत मिनिटाला साधारण ६० मीटरच्या वेगानं हे सगळं खाली जातं. ४,००० मीटर गाठायला तासाहून जास्त लागतो, आणि वर येताना तर ठरलेल्या प्रत्येक खोलीवर थांबून बाटली बंद करायची असते. तेवढा वेळ जहाज वाऱ्याशी आणि प्रवाहाशी झगडत एकाच जागी उभं. बघणाऱ्याला कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू? फोटो काढून लोक चहाला निघून जातात. तू थांब.

कारण बाटल्या वर आल्या की पाणी काढायचा क्रम ठरलेला असतो. हवा लागली की बिघडतात ते विरघळलेल्या वायूंचे नमुने आधी, म्हणून ऑक्सिजन सुरुवातीलाच. क्षारतेचा नमुना अगदी शेवटी, त्याला घाई नसते. ऑक्सिजनसाठी बारीक नळी काचेच्या बाटलीच्या तळापर्यंत घालायची, बाटलीत मावतं त्याच्या तिप्पट पाणी वाहून जाऊ द्यायचं आणि बुडबुडा एकसुद्धा राहू द्यायचा नाही. मग त्यात मँगनीजचं आणि अल्कधर्मी आयोडाइडचं द्रावण. ही विंक्लरची पद्धत, १८८८ सालची. तू कॉलेजात नळाच्या पाण्यावर केलेलं टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब द्रावण घालून प्रमाण मोजणं, ते हेच. ऑक्सिजनचे सेन्सर आले तरी ते बरोबर सांगतायत ना हे आजही याच टायट्रेशननं ताडून बघतात.

फरक एवढाच, की ब्युरेट, म्हणजे ते थेंब सोडायची खुणांची नळी, हलत असते. आणि प्रयोगशाळेतला नेहमीचा तराजू तिथे कुचकामी ठरतो. जहाज लाटेच्या तळाशी असताना वजन जास्त दाखवणार, माथ्यावर असताना कमी. म्हणून रसायनं जमिनीवरच तोलून, बाटल्यांत भरून आणतात. रसायनशास्त्र शिकवण्यात कित्येक वर्षं घालवलेल्या तुझ्या आईला हे सांगितलं एका तंत्रज्ञानं, तेही मध्यरात्रीच्या पाळीत, हातातलं काम न थांबवता.

रसायनं घातल्यावर बाटल्या खोलीप्रमाणे ओळीनं लावल्या की अवक्षेपाचा, म्हणजे पाण्यात तयार होणाऱ्या साक्याचा, रंग बघ; ऑक्सिजन जितका जास्त तितका तो गडद. पृष्ठभागाच्या पाण्यात तो गडद तपकिरी असतो. काहीशे मीटर खाली फिकट होत जातो आणि अरबी समुद्रासारख्या ठिकाणी जवळजवळ पांढराच. वरून गळत येणारं मेलेलं सगळं जिवाणू तिथे खातात आणि ऑक्सिजन संपवतात. आता याच्या खालच्या बाटल्यांत काय असेल? आमच्यातले बहुतेकजण, त्यात दोन शिक्षक, म्हणाले की आणखी फिकट. पण एक-दीड हजार मीटरनंतर रंग पुन्हा चढायला लागला. ध्रुवांकडचं पाणी गार होऊन जड होतं, बुडतं आणि तळातून शेकडो वर्षं पसरत येतं. बुडण्यापूर्वी हवेतून घेतलेला ऑक्सिजन त्यात अजून शिल्लक असतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी त्या ओळीसमोर मी बराच वेळ उभी राहिले. माझ्या शेजारचे भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, "मला नाही कळलं, परत सांगा." सांगणारी होती द्वितीय वर्षाची मुलगी.

तुझे सर असं काही म्हणतील तेव्हा त्यांच्याकडे नीट बघ. न कळलेल्या गोष्टीपाशी ते कसे थांबतात, कोणाला विचारतात, वहीत काय टिपतात, हे वर्गात कधी दिसत नाही. वर्गात ते तयारी करून आलेले असतात.

बाकी पाळीचं म्हणशील तर रात्री बारा ते चारची मिळाली तर कुरकुर करू नकोस, बोलायला निवांत माणसं त्याच वेळी भेटतात. दार हळू लाव, शेजारच्या केबिनमध्ये कायम कोणीतरी झोपलेलं असतं. नोंदी करताना वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहायची, मनगटावरच्या घड्याळातली नव्हे. आकडा चुकला तर खोडरबर वापरू नकोस. एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिही. इंटरनेट रडतखडत चालेल, त्यामुळे रोज फोनची वाट मी बघणार नाही.

आणि हो, थर्मोकोलचे साधे पेले घेऊन जा, पक्क्या शाईच्या मार्करसकट. त्यांच्यावर चित्रं काढून, जाळीच्या पिशवीत घालून सीटीडीबरोबर खाली पाठवायची पद्धत आहे. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ४,००० मीटरवर त्यातली हवा पार पिळून निघते आणि पेला चिमुकला होऊन वर येतो, चित्रासकट. आत टिश्यू पेपर कोंब, नाहीतर वेडावाकडा होतो. एक पेला तुझ्या सरांसाठी जास्तीचा ने. ते मागणार नाहीत, पण त्यांनाही हवा असतो.

तुझी,
आई