होमरन आणि स्ट्राइकआउट

संपादक महोदय,

‘होमरन मारणारा फलंदाज वरचेवर स्ट्राइकआउट होणारच’ हे आपल्या बेसबॉलविषयक लेखातील विधान आजच्या खेळाला लागू पडत असले, तरी जुन्या नोंदी वेगळेच सांगतात. (होमरन म्हणजे बहुधा चेंडू मैदानाबाहेर टोलावून एकाच फटक्यात सर्व बेस पार करणे; स्ट्राइकआउट म्हणजे चेंडू हुकल्याने किंवा योग्य चेंडू सोडल्याने तीन स्ट्राइक होऊन बाद होणे.) सिनसिनाटी संघाच्या टेड क्लुझेव्स्कीने १९५४ साली ४९ होमरन मारले आणि तो स्ट्राइकआउट झाला अवघा ३५ वेळा. दंड इतके भरदार, की गणवेशाच्या बाह्या कापूनच तो मैदानात उतरे. न्यूयॉर्क यँकीज संघाच्या जो डिमॅजिओची अख्ख्या कारकिर्दीतील नोंद ३६१ होमरन आणि ३६९ स्ट्राइकआउट अशी आहे, तर सलग ५६ सामन्यांत हिट (चेंडू टोलावून बेस गाठणे) मिळवलेल्या १९४१ च्या हंगामात ३० होमरनसमोर त्याचे स्ट्राइकआउट केवळ १३. त्याचा संघसहकारी योगी बेरा (१९५० मध्ये २८ होमरन आणि १२ स्ट्राइकआउट) लेखातून सुटावा, याचे मात्र नवल वाटले.

– एक वाचक, पुणे