हिरोशीचा पाट

मिरज, रविवार

प्रिय वश्या,

गुडघ्याचं काय झालं ते आधी कळव. फोनवर विचारलं की तू 'बरा आहे' म्हणून आंब्याच्या मोहोरावर घसरतोस, म्हणून या वेळी पत्र. शिवाय जे सांगायचंय ते फोनवर माझ्याच्यानं होणार नाही. तू मध्ये काहीतरी बोलशील आणि तेवढ्यावर मी विषय बदलून मोकळा होईन.

परवा लेक पुण्याहून आली ती जुन्या जपानी सिनेमांचा एक संच घेऊन. चार डिस्क, चारही दिग्दर्शक केंजी मिझोगुचीच्या. 'उगेत्सु'वाला रे! फिल्म सोसायटीनं कॉलेजात दाखवला होता तो. तू मध्येच वडा खायला म्हणून उठलास आणि परत आलाच नाहीस. तर या संचावर नाव छापलंय 'फॉलन विमेन'. पतित स्त्रिया. पहिला सिनेमा संपला तेव्हा मला त्या नावाचाच राग आला. पतित कोण हे डब्यावरच ठरवून टाकायचं आणि मग आत सिनेमा घालून विकायचा, ही कसली तऱ्हा!

पहिला लावला तो 1936 सालचा 'ओसाका एलेजी'. मूळ जपानी नावात ओसाका नाहीच, 'नानिवा' आहे, म्हणजे त्या शहराचं जुनं नाव. आपण कोल्हापूरला करवीर म्हणावं तसं. अवघी 71 मिनिटं. म्हटलं, जेवायच्या आधी होऊन जाईल. जेवलोच नाही त्या रात्री.

गोष्ट अशी. आयाको मुराई ही औषध कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. बापानं त्याच्या नोकरीत 300 येनची अफरातफर केलीय. भरले नाहीत तर तुरुंग. ज्याच्याशी लग्न करायचं तिच्या मनात आहे त्या निशिमुराकडे ती पैसे मागते, तो हात वर करतो. उरला कोण, तर कंपनीचा मालक आसाई, जो तिच्यावर डोळा ठेवून आहेच. हा आसाई म्हणजे घरजावई. धंदा बायकोच्या माहेरचा, आणि बायको ते त्याला दिवसातून दोनदा ऐकवते. घरी किंमत नाही म्हणून बाहेर रुबाब, हा नमुना तू आणि मी आयुष्यभर पाहिलाय. आयाको त्याची ठेवलेली बाई होते, नव्या चालीच्या फ्लॅटमध्ये राहायला जाते, 300 येन भरले जातात, बाप सुटतो.

पुढे आसाईच्या बायकोला कळतं आणि ते प्रकरण मिटतं. आयाको आता निशिमुराशी लग्न करणार, तेवढ्यात धाकटी बहीण सांगते की थोरल्या भावाच्या, हिरोशीच्या, विद्यापीठाच्या फीसाठी 200 येन हवेत. मग आसाईच्या ओळखीतल्या फुजिनोला ती नादी लावते, पैसे काढते आणि घरी पाठवते. फुजिनो पैसे परत मागायला आला की त्याला भेदरवून हाकलायचं, असा तिचा बेत. तो सरळ पोलिसांत जातो. चौकीत निशिमुरालाही नेतात. तो काय म्हणतो? मला काही माहीत नाही, हिनंच मला गुंतवलं. (तिथला इन्स्पेक्टर ओळखीचा वाटला म्हणून डिस्क मागे घेऊन पाहिली, तर ताकाशी शिमुरा! 'सेव्हन सामुराई'मधला तो टक्कल केलेला म्होरक्या. इथे केवढा तरुण.)

मी 35 वर्षं बँकेत कर्जाचं टेबल सांभाळलं, त्यामुळे मला सिनेमातही आकडेच आधी दिसतात. आणि या सिनेमाच्या प्रत्येक प्रवेशात कोणीतरी पैशाबद्दलच बोलतंय. प्रेमाचा प्रवेश असला तरी. आपण कर्ज देताना सोनं, जमीन, घर तारण घ्यायचो. मुराईंच्या घरात तारण ठेवण्याजोगी एकच वस्तू होती, ती त्यांनी दोनदा गहाण टाकली. गंमत म्हणजे घरातल्या एकानंही तिला 'जा आणि असं कर' म्हटलेलं नाही. बाप नुसता काकुळतीला येऊन बसतो, बहीण नुसती बातमी सांगते. कारस्थान म्हणजे कोपऱ्यात बसून कुजबुजणं, असं आपल्याला नाटकांनी शिकवलंय. खरं कारस्थान असं गप्प बसूनच होतं रे.

आता तो प्रवेश, ज्याच्यासाठी हे पत्र. पहिलाच गुन्हा म्हणून पोलीस तिला सोडतात, बापाच्या ताब्यात देतात. ती घरी येते. घरात सुकियाकी चाललीय. म्हणजे मधोमध लोखंडी भांडं ठेवायचं, मांस नि भाज्या त्यात रटरटत असतात, आणि सगळ्यांनी भोवती बसून त्यातूनच काड्यांनी उचलून खायचं. एका भांड्यातलं खाणं, तेव्हा कोण घरचं आणि कोण नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. आयाको काही झालंच नाही अशा हलक्या सुरात बोलून त्यात सामील व्हायला बघते. कोणी मान वर करत नाही. हिरोशी चिडतो, तिच्यामुळे आपल्याला तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणतो. ज्या फीवर तो शिकतोय ती कुठून आली हे त्याला माहीत नाही. ज्याला माहीत आहे तो बाप शेजारीच बसलाय आणि तोंड उघडत नाही. बस, एवढंच. रडारड नाही, पार्श्वसंगीत नाही. कॅमेरासुद्धा जवळ जात नाही. मिझोगुचीचं हे नेहमीचंच, तो लांब उभा राहतो, शेजारच्या खोलीतून चुकून नजर गेल्यासारखा.

आयाको झालेली इसुझु यामादा तेव्हा 19 वर्षांची होती. त्या प्रवेशातला तिचा चेहरा मी तुला कागदावर सांगू शकणार नाही. पुढे 1957 साली कुरोसावाच्या 'थ्रोन ऑफ ब्लड'मध्ये लेडी मॅकबेथच्या धर्तीची जी बाई आहे, ती हीच.

पुढच्याच वर्षी, 1937 साली, पुण्यात प्रभातनं 'कुंकू' काढला. तिथेही नायिकेचा, नीरेचा, म्हाताऱ्याशी सौदा करणारा मामा आहे. पण नीरा झालेली शांता आपटे ठणकावून बोलते, काठी उगारते, आणि शेवटी म्हाताऱ्या नवऱ्यालासुद्धा स्वतःची लाज वाटते. आपल्या शांतारामबापूंना प्रेक्षकाला रित्या हातानं घरी पाठवणं जमायचं नाही. मिझोगुचीला जमतं. त्याच्या सिनेमात लाज वाटते ती फक्त ज्याला वाटायला नको त्याला.

त्याला हे का जमलं, त्याचं उत्तर त्याच्या चरित्रात आहे. जन्म 1898, तोकियो. रशिया-जपान युद्धाच्या वेळी बापानं सैनिकांना रेनकोट विकायचा धंदा काढला, आणि युद्ध आधीच संपलं. कर्ज झालं. थोरली बहीण सुझू हिला गेशांच्या, म्हणजे नाच-गाण्यानं पाहुण्यांचं मन रिझवणाऱ्या बायकांच्या, घरी दिलं. पुढे एका उमरावानं तिला ठेवलं आणि तिच्या पैशांवर हे घर तगलं, केंजीसुद्धा. म्हणजे बघ, ज्यानं हिरोशीला त्या भांड्याभोवती बसवलं तो स्वतः त्या पाटावर बसून जेवलेला होता. म्हणूनच हिरोशी खलनायक वाटत नाही. भुकेला, गोरटा, अभ्यासू पोरगा वाटतो.

आता माझं.

अक्का मुंबईला ट्रंक एक्स्चेंजला, परगावचे फोन जोडणारी ऑपरेटर, होती हे तुला माहीत आहे. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला आपल्या खोलीवर पोस्टमन यायचा, शंभर रुपयांची मनीऑर्डर. तू दारातूनच ओरडायचास, 'आली रे बाळ्याची लक्ष्मी!' आणि संध्याकाळी मिसळ. मेस, फी, तुझ्या-माझ्या सिनेमाची तिकिटं, सगळं त्यातलं. कुपनवर दोन ओळी असायच्या. 'दूध घेत जा. रात्रपाळी चालू आहे, पत्र लिहिणे होत नाही.' बहुतेक वेळा हेच.

तुला जे माहीत नाही ते हे. आमच्या घरात अक्काची पत्रिका सात वर्षं कोणाशीही जुळली नाही. एकदा नाडी, एकदा मंगळ, एकदा गोत्र. पत्रिका अण्णा स्वतः बघायचे. कोल्हापूरचं एक स्थळ त्यांनी होकार कळवूनही सोडलं, कारण मुलाकडच्यांना नोकरी नको होती. अण्णा जामीन राहिलेल्या एका कर्जाचे हप्ते अक्काच्या पगारातून जात होते. आईला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी आजवर म्हणत आलो. पण वश्या, मी अकाउंटन्सी शिकत होतो. घरात येणारा पैसा कुठून येतो हे मला कळत नव्हतं म्हणणं म्हणजे...

असो. आपण शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा तिनं ऑफिसातल्या एकाशी रजिस्टर लग्न केलं. तेहतीस वर्षांची होती. तो घटस्फोटित, जात वेगळी. त्याच्या आधी वर्षभर तो तिला रात्रपाळीनंतर स्कूटरवरून सोडतो अशी बातमी गावात पोचलेली होतीच, नातेवाइकांची कृपा. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. रविवार, मटण शिजलेलं, आम्ही सगळे पानावर. अक्का एकटीच आली, हातात पेढ्यांचा पुडा. आत येऊन म्हणाली, 'वास तर छान येतोय.' कोणी हललं नाही. आई ताटाकडे बघत राहिली. अण्णा भात कालवत राहिले. आणि मी बोललो. मला कॉलेजात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, असं म्हणालो. अगदी हेच शब्द. तिनं पुडा फडताळावर ठेवला आणि गेली. पेढे आईनं दुसऱ्या दिवशी भांडीवालीला दिले.

तुला मी सांगितलं की अक्काची नागपूरला बदली झाली, आता मनीऑर्डर येणार नाही. शेवटचे पाच महिने तू मला उधार दिलेस. ते परत केले की नाही आठवत नाही. नसतील तर या पत्राचा तसा उपयोग कर.

पुढे संबंध जुळले, पण जुळवून घेतल्यासारखे. भाऊबीजेला मी पैसे पाठवतो, ती 'मिळाले' म्हणते. भावजी गेले तेव्हा दोन दिवस राहून आलो. त्या रविवारचा विषय तिनं कधी काढला नाही, मी तर नाहीच नाही.

सिनेमाचा शेवट राहिला सांगायचा. आयाको घरातून निघते, रात्री पुलावर येऊन उभी राहते, खाली पाण्यात तरंगणाऱ्या कचऱ्याकडे बघते. ओळखीचा डॉक्टर तिथून जाताना विचारतो, बरं नाही का? ती म्हणते, हा आजारच आहे, बाई बिघडल्याचा. यावर औषध काय? तो म्हणतो, ते काही मला ठाऊक नाही, आणि पुढे जातो. मग ती चालायला लागते, सरळ आपल्या दिशेनं, डोक्यावर टोपी, आणि इतका वेळ लांब राहिलेल्या कॅमेऱ्यापाशी तिचा चेहरा येतो. तिथे संपतं. माझ्या अंगावर चालून आल्यासारखी आली रे ती.

काल अक्काला फोन केला. सिनेमाची गोष्ट सांगायचं निमित्त केलं. सुकियाकीचा प्रवेश सांगताना माझा आवाज बसला, तिनं तो बसू दिला. मग विचारलं, 'पुढे काय झालं तिचं?' मी म्हणालो, सिनेमात दाखवलं नाही. जरा वेळानं म्हणाली, 'लागली असेल कुठेतरी नोकरी. ऑपरेटर होती ना? ऑपरेटरला तेव्हा कुठेही घ्यायचे.' आणि मग माझ्या साखरेची चौकशी.

आता एक काम आहे. माझं अकाउंटन्सीचं जाड पुस्तक, निळ्या पुठ्ठ्याचं, तू शेवटच्या परीक्षेला नेलंस ते आणलंच नाहीस. त्यात खुणेसाठी मनीऑर्डरची दोन-तीन कुपनं घातलेली होती. तू आयुष्यात काही टाकलेलं नाहीस, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत असणार. सापडलं तर पुस्तक ठेव तुलाच, कुपनं पाठव. पण गुडघा बरा झाल्याशिवाय माळ्यावर चढू नकोस. पोराला चढव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या