राष्ट्रपतींच्या विमानांना छप्पर द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी हवाई दलातून निवृत्त झालेला एअरफ्रेम फिटर. विमानाचा सांगाडा, पत्रा, रिव्हेट, चाकांची यंत्रणा यांत माझी सगळी नोकरी गेली. यंदाच्या उन्हाळ्यात मुलीकडे ओहायोला गेलो होतो, तेव्हा जावयांनी डेटनचे अमेरिकी हवाई दलाचे राष्ट्रीय संग्रहालय दाखवले. डेटन हे राइट बंधूंचे गाव. तिथे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची निवृत्त विमाने एका प्रचंड हँगरमध्ये ठेवली आहेत. त्यांतल्या चार विमानांत कुणालाही जिना चढून आत जाता येते, या टोकाकडून त्या टोकापर्यंत चालता येते आणि त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. आपल्या राष्ट्रपतींची विमानेही अशीच छपराखाली जपली जावीत, हे ते पाहून आल्यापासून मनात घोळते आहे, म्हणून हे पत्र.

सगळ्यात जुने विमान रूझवेल्ट यांच्यासाठी १९४४ साली बांधलेले डग्लस सी-५४. 'सेक्रेड काऊ' या नावाने ते ओळखले जाते. पोलिओमुळे रूझवेल्ट चाकांच्या खुर्चीत असत. त्यांना वर चढवायला लांब रॅम्प लावला असता तर लांबूनही कळले असते की राष्ट्राध्यक्ष येत आहेत. युद्धकाळात हे परवडणारे नव्हते. म्हणून विमानाच्या मागच्या भागात विजेवर चालणारी लिफ्ट बसवली. ती खाली जमिनीपर्यंत येई आणि काम झाले की पोटात परत जाई. माझ्यासारख्या माणसाला त्या लिफ्टपाशीच तासभर उभे राहावेसे वाटले. विमानाच्या पोटाला एवढे मोठे भोक पाडायचे म्हणजे सांगाड्याचा भार दुसरीकडून वळवावा लागतो. ते ज्यांनी केले त्यांची नावे कुठे लिहिलेली नसतील, पण त्यांचे काम जागेवर आहे. याच विमानातून रूझवेल्ट १९४५च्या फेब्रुवारीत याल्टा परिषदेच्या प्रवासाला गेले. २६ जुलै १९४७ रोजी ट्रुमन यांनी ज्या कायद्यावर सही करून अमेरिकेचे स्वतंत्र हवाई दल उभे केले, ती सहीसुद्धा याच विमानात झाली.

मग बोइंग ७०७, क्रमांक २६०००. केनेडींचे विमान. आतली वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस जेमतेम पुढे सरकतो, दोन्ही बाजूंना पारदर्शक आडोसा. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडींची हत्या झाली, तेव्हा डॅलसच्या विमानतळावर उभ्या असलेल्या याच विमानात लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. केनेडींची शवपेटी सामानाच्या कप्प्यात ठेवायची नाही असे ठरले, म्हणून विमानाच्या कर्मचाऱ्यांनी मागची आसने उपटली आणि मधली भिंत कापून जागा केली. आमच्याकडे विमानातला एक ब्रॅकेट हलवायचा तर वरून लेखी परवानगी येईपर्यंत कुणी हात लावत नाही. त्या दुपारी त्या माणसांनी कुणाच्या सहीची वाट पाहिली नसेल. मी त्या जागी उभा होतो आणि मला पुढे जावेना. आमच्या सौ. मागून हळूच म्हणाल्या, "अहो, लोक खोळंबलेत."

तिसरे ट्रुमन यांचे 'इंडिपेन्डन्स', त्याच्या नाकावर गरुड रंगवलेला आहे. ते मी घाईत पाहिले, कारण चौथ्याकडे माझे लक्ष केव्हाच गेले होते. आयझेनहॉवर यांचे 'कोलंबाइन', म्हणजे लॉकहीडचे सुपर कॉन्स्टेलेशन. माशासारखी बाकदार पाठ आणि शेपटीला तीन सुकाणू. हे विमान मला परके नव्हते. माझी पहिली नेमणूक पुण्यात लोहगावच्या हवाई तळावर झाली तेव्हा तिथल्या सहा नंबर स्क्वाड्रनकडे, म्हणजे विमानांच्या तुकडीकडे, हीच सुपर कॉन्स्टेलेशन होती. आधी एअर इंडियाची प्रवासी विमाने, मग हवाई दलाची सागरी टेहळणीची, आणि १९७६ साली ती नौदलाकडे गेली. इंजिनांतून गळणारे तेल पुसणारे हात आज सत्तरीचे आहेत, पण डेटनला त्या शेपटीखाली उभा राहिलो आणि लोहगावचे पटांगण जसेच्या तसे डोळ्यांपुढे आले.

त्या विमानांपैकी एक आजही आपल्या देशात आहे. गोव्यात दाभोळीजवळ नौदलाच्या हवाई संग्रहालयात ते उभे आहे. नौदलाने ते जपले, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण ते उघड्यावर आहे. समुद्राची खारी हवा आणि कोकणपट्टीचा पाऊस ॲल्युमिनियमला काय करतो हे मला पुस्तकात वाचावे लागत नाही. पत्र्यांच्या जोडात आणि रिव्हेटच्या डोक्याखाली ओल शिरते, पांढरी भुकटी धरते आणि पत्रा आतून पापुद्रे सुटावेत तसा फुगतो. वरून रंग चकचकीत दिसतो. डेटनला त्याच घराण्यातले विमान छपराखाली, कोरड्या हवेत आहे. फरक एवढाच, आणि पन्नास वर्षांनी तो फार मोठा असेल.

सहा नंबर स्क्वाड्रनची आणखी एक गोष्ट पुणेकरांना ठाऊक असावी. सुपर कॉन्स्टेलेशनच्या आधीपासून त्यांच्याकडे लिबरेटर बॉम्बफेकी विमाने होती. ब्रिटिशांनी जाताना कानपूरला मोडतोड करून टाकून दिलेली ही विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी पुन्हा उडती केली. १९६८ साली ती निवृत्त झाली तेव्हा जगभरच्या संग्रहालयांनी ती मागून नेली. आज लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये, कॅनडाच्या विमान संग्रहालयात आणि ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयात भारतातून गेलेली लिबरेटर विमाने आहेत. आपल्या माणसांनी जिवंत केलेल्या यंत्रांची किंमत बाहेरच्यांना आधी कळली.

हे आता राष्ट्रपतींच्या विमानांच्या बाबतीत होऊ नये, एवढेच मला सांगायचे आहे. एअर इंडियाच्या ७४७ जम्बो विमानांतून आपले राष्ट्रपती आणि पंतप्रधान वर्षानुवर्षे परदेश दौऱ्यांवर गेले. त्या ताफ्यातल्या उरलेल्या विमानांपैकी एक २०२४च्या एप्रिलमध्ये विकले जाऊन मुंबईहून कायमचे उडाले. निघताना वैमानिकाने पंख झुलवून निरोप घेतला, ते दृश्य मी मोबाइलवर पाहिले आणि घशाशी आवंढा आला. विकणाऱ्या कंपनीला मी दोष देत नाही. जुने विमान नुसते उभे ठेवायलाही पैसा लागतो आणि तो कंपनीने का घालावा? हे काम देशाचे होते. 'विक्रांत' या जुन्या विमानवाहू युद्धनौकेचेही असेच झाले. मुंबईत अकराएक वर्षे ती संग्रहालय म्हणून होती, २०१२ साली बंद झाली आणि २०१४ साली तोडायला गेली.

आपल्याला जमत नाही असे मात्र कुणी म्हणू नये. विशाखापट्टणमला समुद्रकिनारी नौदलाचे टीयू-१४२ हे टेहळणी विमान २०१७ पासून लोकांसाठी खुले आहे. लोक रांगेने आत जातात, वैमानिकाची जागा बघतात. गंमत म्हणजे नौदलात सुपर कॉन्स्टेलेशनची जागा याच टीयू-१४२ने घेतली होती.

पुण्याचा यात खास हक्क आहे. ८ जून २००६ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी सुखोई-३० या लढाऊ विमानातून उड्डाण केले ते लोहगावहून. २५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी जी-सूट हा वैमानिकांचा खास पोशाख चढवून सुखोईतून भरारी घेतली तीही लोहगावहूनच. त्या दिवशी धानोरीत आमच्या सोसायटीची निम्मी माणसे गच्चीवर होती. सौ. प्रतिभाताईंसारख्याच जळगावच्या, त्यांचा आनंद तर विचारूच नका.

त्या दोन उड्डाणांची सुखोई विमाने कोणती, हे हवाई दलाच्या नोंदींत आहेच. त्यांच्या कागदपत्रांवर आजच शेरा मारून ठेवावा की निवृत्तीनंतर ही भंगारात काढायची नाहीत. याला एक रुपया खर्च नाही. राष्ट्रपती ज्यांतून प्रवास करतात ती हवाई दलाची 'राजदूत', 'राजहंस' आणि 'राजकमल' ही बोइंग ७३७ विमानेही कधीतरी निवृत्त होतील. त्यांतले एक पुण्याला मिळावे अशी मागणी खासदारांनी आत्ताच नोंदवावी. विमान निवृत्त झाल्यावर धावाधाव करून काही हाती लागत नाही.

जागेचा विचारही आधी हवा. एवढे विमान पंख काढल्याशिवाय शहरातल्या रस्त्याने नेता येत नाही. ते स्वतः उडत येऊन धावपट्टीलगतच्या हँगरमध्ये शिरले पाहिजे. लोहगाव लष्करी तळ आहे, तिथे रोज शाळांच्या सहली कशा सोडणार? डेटनलाही हीच अडचण होती. राष्ट्राध्यक्षांची विमाने तळाच्या आत होती, ओळखपत्र तपासून बसने मोजकीच माणसे नेत. २०१६ साली देणग्यांतून चार कोटी डॉलरहून जास्त खर्चून नवी इमारत झाली तेव्हा ती सर्वांना खुली झाली. पुण्याजवळ पुरंदरला नवा विमानतळ व्हायचा आहे. तिथल्या शेतकऱ्यांचा जमिनीचा प्रश्न आधी न्यायाने सुटला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो विमानतळ होणारच असेल तर त्याच्या आराखड्यात धावपट्टीला लागून, बाहेरच्या रस्त्यावरून थेट येता येईल अशी एका हँगरची जागा राखावी.

आणि तोवर गोव्यातल्या सुपर कॉन्स्टेलेशनवर निदान पत्र्याची शेड घालावी. त्यासाठी वर्गणी काढायची झाली तर सुरुवात माझ्या एका महिन्याच्या पेन्शनपासून करा. कामाला माणसे हवी असतील तर विमानाच्या पत्र्याची जाण असलेले आम्ही काही निवृत्त फिटर विश्रांतवाडी-धानोरी भागात आहोत. आम्ही हातोड्यासह येऊ.

आपला,
एक निवृत्त वायुसैनिक
धानोरी, पुणे