तुम्ही पाठ फिरवलीत, त्याबद्दल

सन्माननीय वाद्यकार महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही घडवलेले मँडोलिन घरी आणून आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत तुम्हाला पत्र लिहिण्यासाठी मी चार वेळा बसलो आणि चारही वेळा एक ओळ खरडून उठलो. इंग्रजीत आभार मानण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की दुधाची पिशवी हातात देणाऱ्यालाही ते दोन शब्द आपसूक म्हटले जातात. तेच शब्द तुमच्यापुढे ठेवणे मला जमेना, म्हणून हे पत्र मराठीत, माझ्या माणसांना वाचता येईल असे लिहीत आहे. पुढच्या भेटीत याचा अर्थ मी तुम्हाला वाचून दाखवीन. हातात असलेलीच कामे उरकत नाहीत, तेव्हा नाव कुठे छापू नका, असे तुम्ही बजावले होते, त्यामुळे नावही लिहीत नाही.

मी मूळचा मिरजेचा. सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांच्या दुकानांवरून शाळेत जाणारा मुलगा असूनही मी एकही वाद्य शिकलो नाही. पुढे नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात रॅलेजवळ स्थायिक झालो. २०१३ पासून २०२४ पर्यंत दर शरद ऋतूत त्या शहरात ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताचा मोठा उत्सव भरत असे, आणि तिथेच भर रस्त्यात, गर्दीच्या मागच्या रांगेत उभे राहून मी हे वाद्य पहिल्यांदा नीट ऐकले. परंपरेने ब्लूग्रासच्या मेळ्यात ढोल-ताशाच काय, साधा ड्रमही नसतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनवाला तारा दाबून लगेच सोडतो, आणि त्यातून जो कोरडा, तुटक ‘चक्’ उमटतो त्यावर साऱ्या मेळ्याची लय उभी असते. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मला तो आवाज हवासा वाटला, यात हसण्यासारखे काही आहे असे मला त्या वेळी वाटले नव्हते.

ते वाटायला लावले दुकानांनी. पहिल्या दुकानात माझ्या हातातून वाद्य काढून घेऊन विक्रेत्याने स्वतःच एक सुसाट तुकडा वाजवला आणि ‘हे असे’ म्हणून ते परत भिंतीवर टांगले. दुसऱ्या दुकानातून मी हातघडणीचे म्हणून जे मँडोलिन विकत घेतले, ते कारखान्यातून आले होते हे पुढे तुमच्याकडूनच कळले. त्याच्या एका स्वरावर सारखी खरखर होत असे. तक्रार घेऊन गेलो की तिथला माणूस हाताची घडी घालून समोर उभा राही, वाजवून दाखवा म्हणे, आणि माझी बोटे थरथरली की समजूतदार चेहरा करून सांगे की तुम्हा लोकांना या वाद्याची सवय नसते, हात बसायला वेळ लागतो. महोदय, दोन वर्षे मी दोष स्वतःच्या हाताला देत राहिलो. घरचे झोपल्यावर, तारांवर रुमाल टाकून सराव करत राहिलो.

तेच वाद्य घेऊन मी डोंगरातल्या तुमच्या कार्यशाळेत आलो. तुम्ही वाजवायला सांगितलेत आणि मी पुन्हा त्याच परीक्षेच्या तयारीने बसलो. त्या वेळी तुम्ही जे केलेत ते तुमच्या लक्षातही नसेल. तुम्ही माझ्याकडे पाठ फिरवलीत. खिडकीपाशी जाऊन कुंचल्याने कामाच्या टेबलावरच्या ढलप्या एका डब्यात लोटू लागलात, जणू मी खोलीत नव्हतोच. समोर कोणी नाही म्हटल्यावर माझा खांदा खाली आला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच मी एक धून शेवटापर्यंत वाजवली. ती संपल्यावर, मान न वळवता तुम्ही म्हणालात, “तारांच्या दुसऱ्या जोडीवर सहाव्या पडद्याला खरखरतंय, कारण सातवा पडदा वर उचलला गेलाय. ते तुमचं नाही.”

आमच्या भाषेत पाठ फिरवणे म्हणजे संकटात साथ सोडणे. त्या अर्थाने पाठ फिरवणारे मला समोरासमोर उभे राहिलेले भेटले होते.

तो पडदा, म्हणजे तारांखालची धातूची आडवी पट्टी, तुम्ही कानशीने घासून दिलात आणि पैसे घेतले नाहीत. वर्षभर हेच वाजवा, मग नवे हवे असेल तर या, असेही सांगितलेत. मी आलो. त्यानंतर किती काळ लागला, पत्रव्यवहार किती झाला, याचा पाढा इथे वाचत नाही.

पण वाद्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. वरची फळी रेड स्प्रूसच्या लाकडाची, मागची बाजू आणि कडा मेपलच्या. वरची फळी, म्हणजे आमच्याकडच्या शब्दांत तबली, वाकवलेली नसून जाड लाकडातून कोरून काढलेली. मधोमध जाड आणि कडेला उतरत गेलेली. ती कोरताना तुम्ही बोटाच्या पेराने टकटक करून कानाशी धरीत होता, ते पाहताना मला मिरजेत सतारीची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, काढणारे कारागीर आठवले. तेही असेच, हत्यारापेक्षा कानावर अधिक भरवसा ठेवणारे. खांद्याशी शंखासारखी वळलेली गुंडाळी आहे, तिच्या आतल्या वळणात जिथे यंत्राचे पाते पोहोचत नाही तिथे पटाशीची एक बारीक खूण राहिली आहे. ती तुम्ही दाखवून दिलीत आणि पुसू का असे विचारलेत. मी नको म्हटले, ते बरे केले. आठ तारांच्या चार जोड्या, व्हायोलिनप्रमाणे एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर. आणि खालचा ‘चक्’ असा काही उठतो की शेजारच्या खोलीतले भांडे दाद देते.

ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांच्या मँडोलिनची गोष्ट तुम्हीच सांगितलीत. गिब्सन या वाद्यकंपनीतले तज्ज्ञ लॉइड लोअर यांची सही असलेले ते १९२३ सालचे वाद्य त्यांना फ्लोरिडात एका केशकर्तनालयात विकायला ठेवलेले सापडले. पुढे ते दुरुस्तीला कंपनीकडे पाठवल्यावर काम मनाजोगते झाले नाही, तेव्हा त्यांनी वाद्याच्या माथ्यावरचे कंपनीचे नाव चाकूने खरवडून टाकले. तो राग मला फार जवळचा वाटला, कारण वाद्य बिघडण्याचे दुःख असतेच, पण सांगूनही ऐकून न घेतले जाणे त्याहून झोंबते. सौजन्य म्हणजे गोड बोलणे, असा आपल्याकडे आणि इकडेही समज आहे. तुम्ही तर दिवसभरात वीस वाक्येही बोलत नाही. दुसऱ्याला त्याची चूक आणि त्याची नसलेली चूक यांतला फरक सांगणारी माणसे मला हपिसात, दवाखान्यात, शाळेतही मोजकीच भेटली आहेत.

तारा बदलताना आठही एकदम काढायच्या नाहीत, घोडी चिकटवलेली नसल्याने ती जागची हलेल, ही तुमची सूचना मी कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. हिवाळा संपला की पहिल्या तपासणीसाठी येईन. मागच्या वेळचे भडंग तुम्हाला आवडले पण डोळ्यांतून पाणी आले, म्हणून या खेपेला लसूण तेवढीच ठेवून तिखट निम्मे घालायला घरी सांगितले आहे.

आपला ऋणी,
सहाव्या पडद्यावर खरखरणारा तो