अंडं फुटतंय, मग अडतंय कुठं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मूल न होण्याविषयीचा लेख वाचला. लेख बरा होता, पण पानभर बाईचीच पाळी, बाईचंच वजन, बाईचेच हार्मोन. नवरा आला तो शेवटच्या परिच्छेदात, ‘पतीनेही आधार द्यावा’ म्हणून. असा आधार मी सव्वादोन वर्षं दिला, त्यामुळं हे पत्र.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत भट्टीवर आहे. कॅलेंडर चुकेल, पण माझ्या बायकोची तारीख चुकायची नाही. लग्नाला दीड वर्ष झाल्यावर दवाखाना सुरू झाला. फॉलिक्युलर स्टडी हा शब्द आमच्याकडं वरण-भातासारखा झाला. पाळीच्या दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी, अंड्याची पिशवी किती वाढली ते बघायला: १४ मिलिमीटर, १७, २०, आणि मग ‘फुटलं’, म्हणजे पिशवी फुटून अंडं बाहेर पडलं. असं नऊ महिने फुटलं. नवव्या महिन्यातही पाळी ठरल्या दिवशी हजर.

त्या नऊ महिन्यांत डॉक्टर धरून कुणीही माझ्याकडं बघितलं नाही. मी तिला गाडीवरून सोडायचो आणि बाहेरच्या बाकावर मोबाइल बघत बसायचो. आईनं नृसिंहवाडीच्या पौर्णिमा धरल्या, सुनेला सोमवार धरायला लावले. शेजारच्या डोहाळजेवणाला बायकोला भाजी चिरायला बोलावलं, ओटी भरायला नाही. यावर जास्त लिहीत नाही, वाचणाऱ्या बायकांना माहीत आहे.

शेवटी दवाखाना बदलला. नव्या डॉक्टरबाईंनी फाइल पुढून मागं, मागून पुढं चाळली आणि विचारलं, “यांचा रिपोर्ट कुठाय?” मी म्हटलं, “मला काही त्रास नाही हो मॅडम.” त्या म्हणाल्या, “त्रास होत नसतोच.”

लॅबमध्ये वीर्याचा नमुना द्यायची जागा म्हणजे पेशंटांचं संडास. बाहेर रांग, दर दोन मिनिटांनी कुणीतरी कडी वाजवणार. जमलं नाही. मग म्हणाले घरून आणा, पण तासाच्या आत पोचवा आणि गार होऊ देऊ नका. जानेवारीची सकाळ. डबी बनियनच्या आत पोटाशी, वर स्वेटर, एका हातानं ती दाबून हायवेनं निघालो. सिग्नलला शेजारी आमचे सुपरवायझर. “काय रे, पोटात दुखतंय काय?” म्हटलं, हो साहेब.

जागतिक आरोग्य संघटनेचा सध्याचा खालचा आकडा एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू असा आहे. त्याखाली मूल होतच नाही असं नाही, पण अवघड जातं. माझे ३५ लाख, त्यातही पळणारे थोडेच. तपासल्यावर डाव्या बाजूला व्हेरिकोसील निघालं, म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या. अंडकोष अंगापेक्षा दोन-तीन अंश गार राहावे लागतात, म्हणून तर देवानं ते बाहेर ठेवलेत. माझे शिरांनी आधीच गरम, त्यात समोर चौदाशे अंशांचं लोखंड. भट्टीचा वाटा किती, शिरांचा किती आणि तंबाखूचा किती, हे वेगळं काढून सांगता येणार नाही, असं डॉक्टरबाई सरळ बोलल्या. मला ते आवडलं.

दुसरी चूक आमची दोघांची. अंडं फुटल्यावर १२ ते २४ तासच टिकतं, शुक्राणू मात्र बाईच्या पोटात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे फुटायच्या आधीचे दिवस कामाचे. आम्ही ‘फुटलं’ ऐकल्यावर जागे व्हायचो, आणि तेव्हा नेमकी माझी रात्रपाळी असायची.

हे पुरुषांचंच असतं असंही नाही. अंडं ज्यातून गर्भपिशवीत येतं त्या बायकोच्या नळ्यांचा औषध सोडून एक्स-रे काढला, त्या मोकळ्या निघाल्या. माझ्या चुलत बहिणीच्या दोन्ही बंद निघाल्या. तिचीही पाळी नियमित, अंडं दर महिन्याला तयार. कारण निघालं टीबी. खोकला नाही, ताप नाही, गर्भपिशवीतला टीबी. आपल्याकडं हे बरंच दिसतं म्हणे. सहा महिने सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्या घेतल्या, टीबी गेला, नळ्या काही उघडल्या नाहीत. फौंड्रीच्या भाषेत सांगायचं तर लोखंड तयार, साचा तयार, आणि रनर, म्हणजे साच्यात लोखंड जायची वाट, बुजलेला. नळ्या नऊ महिन्यांच्या सोनोग्राफ्यांनंतर नाही, आधी बघायच्या असतात.

माझं शिरांचं ऑपरेशन झालं. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून रिपोर्टही तीन महिन्यांनी. दुसऱ्या वेळी ९० लाख आले. तंबाखू सोडली, भट्टीवरून पॅकिंगला बदली मागितलीय. मूल अजून नाही. पुढचा रिपोर्ट गुरुवारी आहे.

माझ्या पहिल्या रिपोर्टला साडेचारशे रुपये पडले. नऊ महिन्यांच्या सोनोग्राफ्यांची बेरीज बायकोनं वहीच्या मागच्या पानावर करून ठेवलीय, ती इथं लिहीत नाही. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा नवऱ्याचा हा साडेचारशेचा रिपोर्ट पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या, एवढीच विनंती.

नाव छापू नये. बायको म्हणते, छापा की. पण आईला मी अजून हर्नियाचं ऑपरेशन झालं असंच सांगितलंय.

आपला एक वाचक,
कोल्हापूर