टबचा आरसीसीबी ‘डायरेक्ट’ करणे थांबवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लोणावळ्यापासून अलिबागपर्यंत भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांच्या जाहिरातीत हल्ली जकुझी, म्हणजे विजेवर चालणारा गरम पाण्याचा टब, हमखास असतो. शनिवारी संध्याकाळी पाहुणे टबात उतरायला निघतात, नेमका तेव्हाच आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा बोर्डवरचा स्विच) पडतो आणि केअरटेकरचा फोन येतो, ‘भाऊ, लवकर या, नाहीतर मी डायरेक्ट करतो.’ आरसीसीबी वगळून वरची वायर सरळ खालच्या वायरीला जोडली की टब सुरू! बंगल्यांची विजेची कामे करताना असे डायरेक्ट केलेले बोर्ड मला वरचेवर दिसतात, म्हणून हे पत्र.

फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही, ३० मिलिअँपिअरइतका जरी दुसरीकडे गळाला, तरी आरसीसीबी पुरवठा तोडतो. तो सारखा पडतोय म्हणजे बहुधा त्याचे काम तो चोख करतोय. गळती शोधायला काही दिवसभर लागत नाही. बहुतेक वेळा हीटरची कॉइल निघते. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून तिचे आवरण जादा तापते, तडकते आणि पाणी आत शिरते. वायरमनने मेन बंद करून हीटरच्या दोन्ही वायरी सोडवाव्यात, टोके टेप करावीत आणि मग पुरवठा द्यावा. आरसीसीबी टिकला तर कॉइल गेली. तरीही पडला तर पंप, हवेचे बुडबुडे सोडणारा ब्लोअर, पाणी शुद्ध करणारा ओझोनेटर एकेक करून सोडवत जावे.

इथे एक चूक सर्रास होते. ३ किलोवॉटच्या कॉइलचा रेझिस्टन्स मीटरवर साडेसतरा ओहमच्या आसपास दिसला की ‘कॉइल चांगली आहे’ असे सांगून लोक मोकळे होतात. गळती असते कॉइल आणि अर्थ यांच्यात, आणि ती नीट कळते मेगरवर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गळती तपासणाऱ्या मीटरवर. मेगर लावताना मात्र कंट्रोल बोर्ड आधी वेगळा करावा, नाहीतर ५०० व्होल्टने तोच उडतो. ‘टबचे बटण बंद आहे, तरी का पडतो?’ असेही विचारतात. साधे बटण फक्त फेज तोडते. न्यूट्रलच्या बाजूने कॉइल अर्थला चिकटलेलीच राहते. सगळ्या बंगल्याला मिळून एकच आरसीसीबी असेल, तर दुसरीकडे एसी लावला तरी त्याचा काही करंट त्या वाटेने निघून जातो.

पॅनेलवर ‘एफएलओ’ किंवा तत्सम अक्षरे आली की ‘कंट्रोलर गेला’ म्हणत नवा बोर्ड गळ्यात मारणारेही आहेत. पाणी पुरेसे वाहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आधी फिल्टर काढून टब चालवून पाहा, पाण्याची पातळी बघा. बोर्ड खरेच जातो तो आमच्याकडच्या पावसाळ्यात, ओल आणि मुंग्या आत शिरल्याने.

सर्वांत भयंकर प्रकार अर्थिंगचा. खड्डा कोरडा पडला म्हणून अर्थची वायर न्यूट्रलला बांधून दिलेली मी पाहिली आहे. न्यूट्रल मागे कुठे तुटला की पंपाच्या बॉडीवर २३० व्होल्ट! आणि अर्थिंगच नसेल, तर गळतीचा करंट वाहायला माणसाच्या अंगाची वाट बघतो. त्या वेळी आरसीसीबी हाच काय तो आधार, आणि तोच आपण काढून टाकतो.

टब असलेला बंगला भाड्याने देण्याची परवानगी देताना परवानाधारक वायरमनचा तपासणी अहवाल दरवर्षी, पावसाळ्यानंतर, मागायला हवा. तोवर पाहुण्यांनी टबात उतरण्याआधी केअरटेकरला आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबून दाखवायला सांगावे. दाबल्यावर टब बंद पडला नाही, तर पाण्यात पाय घालू नये आणि पैसे परत मागावेत.

– एक परवानाधारक वायरमन, लोणावळा