अंगावरचं तोडू नका

विश्रामबाग, सांगली
१४ जुलै

प्रिय सुहास,

काल तुझा आवाज ऐकल्यापासून चैन नाही. फोनवर सगळं धड बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

बाळ अंगानं भरतंय, ओढून दूध पितंय, आणि तरी शीमध्ये चिकट शेमेबरोबर रक्ताचे लाल धागे. डॉक्टरांनी शीच्या जागी चीर नाही, जंतुसंसर्ग नाही हे बघून गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी सांगितली, ते मला पटतं. वहिनींच्या खाण्यातल्या दूधदुभत्याची प्रथिनं थोडी अंगावरच्या दुधात उतरतात, त्यानं बाळाच्या मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग सुजतो आणि तिथून रक्त झिरपतं. बघून काळीज हलतं, पण अशी बहुतेक बाळं वर्षाची होईतो बरी होतात.

म्हणून अंगावरचं तोडून बकरीचं दूध पाजा म्हणणाऱ्या काकूंना माझ्या वतीनं हात जोडून सांग, अंगावरचं तोडायचं नाही. बकरीचं दूधही नको. बकरीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात, बाळाला तीही बाधायचीच. लॅक्टोज काढलेल्या दुधाचाही उपयोग नाही. लॅक्टोज ही साखर, आपलं भांडण प्रथिनांशी आहे.

सोडायचंय ते वहिनींना, आणि बाळंतिणीच्या खुराकात ते फार अवघड. दूध, दही, ताक, पनीर, खवा तर गेलंच. बारशाचे कंदी पेढे उरले असतील ते वाटून टाका. साजूक तुपातही थोडी प्रथिनं राहू शकतात, म्हणून मीनल म्हणते, डिंक तेलात तळून लाडू गूळखोबऱ्यात वळा, अळिवाची खीर नारळाच्या दुधात करा. बिस्किटाच्या पुड्यावर ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’ ही दुधाचीच रूपं दिसली की तो पुडा परत ठेवायचा. नाचणी, तीळ भरपूर, आणि कॅल्शियमच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा.

रक्त बहुधा काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत थांबतं. थांबलं की डॉक्टर वहिनींना पुन्हा थोडं दूध घेऊन बघायला सांगतील. ते टाळू नका. परत रक्त दिसलं तर निदान पक्कं. नाही दिसलं तर त्या माउलीची उगाच उपासमार कशाला?

आमच्या सईचं दुखणं याच जातीचं, पण दांडगं होतं. तिला तांदळाची पेज बाधायची. चाटवली की दोन तासांनी एकामागून एक उलट्या, शेवटी नुसतं पित्त. पोर पांढरीफटक, मान टाकलेली. अंगावर गांधी नाहीत, धाप नाही. पहिल्या दवाखान्यात जंतुसंसर्ग म्हणून सलाईन लावलं, संध्याकाळी ती खडखडीत. पुन्हा पेज, पुन्हा तेच. आजी म्हणायची, “पेज बाधते का कुठं?” बाधते रे! ऑस्ट्रेलियात तर घन अन्नापैकी या आजाराला तांदूळच सगळ्यात जास्त कारण ठरतो. रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी निगेटिव्ह आली, कारण ती शोधते आयजीई नावाची, तडकाफडकी उठणाऱ्या अ‍ॅलर्जीतली प्रतिपिंडं आणि या दुखण्यात बहुधा ती नसतातच. मीनलनं काय भरवलं आणि किती वाजता ओकली हे वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही वाचूनच एका बालरोगतज्ज्ञांना उलगडा झाला. पुढं सई मोठी झाल्यावर दवाखान्यातच, सलाईनची तयारी ठेवून, भात भरवून बघितला. पचला. असलं घरी करून बघायचं नसतं.

तुम्हीही वही घाला. वहिनींनी काय खाल्लं, शी कशी झाली, सगळं. लंगोटाचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवायला लाजू नका. पण पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, बाळ मलूल पडलं, कळवळून रडायला लागलं किंवा रक्त जास्त गेलं, तर वही-फोटो बाजूला ठेवून रात्री-अपरात्रीही तडक दवाखाना गाठा.

मीनल रविवारी वहिनींना फोन करणार आहे. दूध न घालता काय काय करता येतं याची यादी तिनं काढली आहे. तोवर बाळाचं वजन काय भरलं ते कळव.

तुझा,
अविनाश